कोरड्या गल्लीत पाऊस पडत नाही

रडारला सगळं दिसतं, फक्त स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही. बऱ्याच मोठ्या माणसांचंही तसंच असतं म्हणा, पण त्यांच्या भरवशावर कुणी घर बांधत नाही. टेकडीवरच्या पांढऱ्या घुमटात रडारची तबकडी दिवसभर गरागरा फिरायची. आडवं बघायची, थोडं तिरकं वर बघायची, पण सरळ आभाळाकडे मान काही तिला करता यायची नाही. त्यामुळे हवामान कचेरीतल्या पडद्यावर शहराच्या नकाशात मधोमध वाटीएवढा काळा गोल कायम रिकामा असायचा. कचेरीतले लोक त्याला ‘टक्कल’ म्हणायचे. साहेब समोर असले की ‘मध्यवर्ती क्षेत्र’ म्हणायचे, कारण साहेबांनाही मध्यवर्ती क्षेत्र होतं.

आता रिकामं ते रिकामं, तिथं काही लिहायचंच नाही. पण फार वर्षांपूर्वी कुणा शहाण्यानं जुन्या नोंदी संगणकात भरताना रिकाम्या जागी शून्य टाकलं. ‘माहीत नाही’ आणि ‘पडला नाही’ यात त्या पठ्ठ्याला काही फरकच वाटला नाही. झालं! दरवर्षी शून्य, दरवर्षी शून्य. टेकडीच्या पायथ्याची, बरोबर टकलाखाली येणारी गल्ली कागदोपत्री शहरातली सगळ्यात कोरडी जागा ठरली. कचेरीच्या अंगणात एक साधं पर्जन्यमापक होतं, ते बिचारं पाऊस पडला की भरायचं. रडार म्हणतं शून्य, हे म्हणतं भरलो, म्हणजे बिघडलेलं हेच. दुरुस्तीला धाडलं, परत आलं, परत भरलं. शेवटी भंगारात काढलं.

बिल्डरच्या नाकाला असला वास लगेच लागतो. त्यानं कचेरीकडून रीतसर दाखला घेतला आणि गल्लीत इमारती उठवल्या, त्याही तळघरासकट. जिथं पाऊसच नाही तिथं तळघरात राहायला काय हरकत आहे? पालिकेनं गटारं बांधली नाहीत, कारण जिथं पाऊसच नाही तिथं गटारं कशाला? आणि लोकांनी घरं घेतली. घरं घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पाऊस पडला, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! पाऊस पडतो म्हटलं तर घराला गिऱ्हाईक कुठून मिळणार? तेव्हापासून कोरड्या गल्लीत ‘पाऊस’ हा शब्द कुणी काढायचा नाही असं न ठरवता ठरलं. वरून पाणी आलं तर ‘हवा जरा ओली आहे’ म्हणायचं. सोसायटीच्या चेअरमननी बाल्कनीत छत्री वाळत घालायला बंदी केली होती.

या गल्लीतल्या एका तळघरात आप्पा राहायचे. त्यांची थोरली मुलगी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि धाकटी वर टेकडीवर, त्याच हवामान कचेरीत, वादळी पावसाचा अंदाज देणारी. म्हणजे दिव्याखाली अंधार कसा असतो ते बघायला तिला लांब जायची गरजच नव्हती.

धाकटीनं साहेबांना कितीदा तरी सांगितलं होतं, “साहेब, ते शून्य नाही हो, रिकामं आहे. दोन्हींत फरक आहे.”

साहेब म्हणायचे, “असेल. पण इतकी वर्षं शून्य आहे ना? आता मध्येच कशाला उकरून काढायचं? लोक हसतील आपल्याला.”

आप्पांना सांगणं म्हणजे तर दगडावर डोकं आपटणं. आप्पांनी सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. गिऱ्हाईक दारात उभं राहून शपथा घ्यायचं, ‘अहो, महिनाभर नळाला थेंब नाही.’ आप्पा वाकून मीटर बघायचे आणि आकडा लिहायचे. गिऱ्हाईक काय, काहीही बोलतं. मीटर बोलतो ते खरं. त्यामुळे धाकटी हवामान कचेरीत लागली तेव्हा आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. पोरगी शहरातला सगळ्यात मोठा मीटर वाचते! दर अर्ध्या तासाला रेडिओवर तिच्या कचेरीचं बुलेटिन लागायचं आणि आप्पा कान टवकारून ऐकायचे. बुलेटिन म्हणालं ऊन, तर आप्पा कुडकुडत का होईना, पण टोपी घालून उन्हात फिरायला निघायचे.

तर त्या दिवशीची गोष्ट. उकाडा असा की कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा चिकटत होत्या. सकाळच्या बैठकीत धाकटीनं सांगितलं, “खाली दमट हवा भरपूर आहे, दुपारी ढग चढणार. आणि वरच्या थरात वाराच नाही. म्हणजे ढग तयार झाला की पुढे सरकणार नाही. जिथं उभा राहील तिथंच सगळा रिकामा होईल. असल्या ढगानं ओढ्याला घटकाभरात पूर येतो, साहेब.”

“उभा कुठं राहील?” साहेबांनी विचारलं.

“ते तयार झाल्याशिवाय कसं कळणार?”

“मग तयार झाला की सांगा,” म्हणून साहेब उठले. त्यांचंही चूक नव्हतं. धाकटीनं शहरभर पिवळा इशारा दिला, म्हणजे ‘लक्ष ठेवा’. टक्कल सोडून शहरभर, कारण टकलावर रंग चढतच नाही. तिथं टिचकी मारली की यंत्र म्हणतं, ‘निवडलेली जागा उपलब्ध नाही.’

दुपार झाली. पडदा कसा स्वच्छ! कुठं ढगाचं नाव नाही. सगळे खूश. साहेबांनी तर डबा उघडता उघडता “पिवळा काढून टाकायला हरकत नाही” असंही म्हटलं. तेवढ्यात आभाळ असं कडाडलं की साहेबांचा डबा उपडा झाला.

अंदाजाच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर बघून अंदाज देणाऱ्याला काय कुणी शास्त्रज्ञ म्हणेल का, म्हणून ती मुद्दामच ठेवली नव्हती. पण छपराला कान होते. छप्पर आधी टपटपलं, मग धडधडलं, मग बोललेलं ऐकू येईना. धाकटी धावत व्हरांड्यात गेली आणि तशीच चिंब होऊन परत आली.

“साहेब, ढग आपल्या डोक्यावर आहे! टकलावर!”

साहेबांचा हात नकळत डोक्याकडे गेला. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. “इथं तर काही दिसत नाही.”

“तिथं कसं दिसेल? तिथं कधीच दिसत नाही! लाल इशारा द्यायला हवा, आत्ता. टेकडीवरचं सगळं पाणी खाली गल्लीत जाणार. गटारं नाहीत तिथं. तळघरात माणसं राहतात, माझे वडील राहतात!”

“विजांच्या यंत्रावर काय आहे?”

विजांच्या यंत्रावर आधी ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता. पण यंत्र हुशार. ढगाशिवाय वीज कशी पडेल? म्हणून त्यानं सगळे ठिपके ‘चुकीची नोंद’ म्हणून स्वतःच पुसून टाकले. साहेबांनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात छताला एक धार लागली, ती त्यांच्या टेबलावर. साहेबांनी फायली सरकवल्या आणि शिपायाला हाक मारली, “अरे, प्लंबरला बोलव.”

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं शेजारच्या शहराच्या हवामान कचेरीला फोन लावला. त्यांचं रडार वेगळ्या टेकडीवर, त्यामुळे इथलं टक्कल त्यांना स्वच्छ दिसतं.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, “अगं बाई, मी कधीची बघतेय! तुमच्या डोक्यावर केवढा तो ढग. आहे तिथंच रुतून बसलाय, नुसता वर वर चढतोय. मला वाटलं तुम्ही लाल देऊन मोकळे झाला असाल.”

“तुम्ही द्या ना! माझं यंत्र घेतच नाहीये.”

“माझी हद्द नदीपर्यंत. नदीपलीकडे माझा माउस जात नाही गं.” मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. “चित्र पाठवते, बघ काही होतं का.”

चित्र आलं. लालभडक, जांभळ्या गाभ्याचा ढग, बरोबर टकलावर टोपी घातल्यासारखा. साहेबांनी तो नीट बघितला. कौतुकानं बघितला. “सुंदर आहे,” म्हणाले. “पण दुसऱ्याच्या रडारवर आपण इशारा द्यायचा? आणि दिला, तर उद्या पहिला प्रश्न काय येईल? एवढी वर्षं शून्य कसं? बाई, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू मी?”

“आड भरून वाहतोय हो, साहेब!”

साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात पकडले. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस खुर्ची घट्ट धरतो. धाकटीनं त्यांचा नाद सोडला आणि घरी फोन लावला. ताईनं पहिल्याच घंटीला उचलला.

“बेडके, बरं झालं फोन केलास!” धाकटीला ती लहानपणापासून बेडकीच म्हणायची. “खाली जिन्यात पाणी शिरायला लागलंय. आप्पा वर यायला तयार नाहीत. मी दोनदा जाऊन आले. म्हणतात, बुलेटिनमध्ये काही नाही. तूच सांग आता त्यांना.”

धाकटीनं आप्पांना फोन लावला. मागे रेडिओ गात होता.

“आप्पा, ताईकडे वर जा. आत्ताच्या आत्ता.”

“का गं?”

“ढगफुटी होतेय. तळघर भरेल.”

मागचा रेडिओ बारीक झाला. “हे बुलेटिनमध्ये येणार आहे का?”

“नाही येणार, आप्पा. यंत्र घेत नाहीये.”

“म्हणजे हे तू कचेरी म्हणून बोलत नाहीयेस. मुलगी म्हणून बोलतेयस.”

“हो, मुलगी म्हणून! मग?”

“मग काय. मुली काळजी करतात. तुझी आईसुद्धा फार करायची, मी सायकलवरून आलो तरी म्हणायची पडाल,” आप्पा मायेनं म्हणाले. “तू चहा घे जरा. आणि कामावर लक्ष दे, कचेरीच्या वेळेत घरी फोन करू नये.” आणि ठेवला की फोन!

आता बोला! जी पोरगी रेडिओतून बोलली तर बापानं पडत्या फळाची आज्ञा मानली असती, तीच पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगतेय तर तिला चहा प्यायला सांगतात. धाकटीला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. कचेरीतल्या रेडिओवर बुलेटिन लागलं. तिच्याच कचेरीचं, तिच्याच यंत्रानं लिहिलेलं. शहराच्या मध्यभागी आकाश निरभ्र. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावरच्या त्या धारेखाली ठेवलं.

“अहो, ड्युटी सोडून कुठं निघालात?” साहेब ओरडले.

“मध्यवर्ती क्षेत्रात,” म्हणून तिनं रेनकोट अंगावर ओढला आणि ती बाहेर पडली.

टेकडीवरून गल्लीत उतरायला दगडी पायऱ्या होत्या. त्या दिवशी पायऱ्या नव्हत्या, नुसतं मातकट पाणी खाली उड्या मारत होतं. कठड्याला धरधरून, एकदा चांगलीच आपटून, धाकटी खाली पोचली. गल्लीत गुडघ्याइतकं पाणी. एक कचऱ्याचा डबा, दोन कुंड्या आणि कुणाची तरी पाटी, ‘शहरातील सर्वांत कोरडे वास्तव्य’, सगळं एका रांगेत वाहत चाललेलं. इमारतीच्या दारात चेअरमन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते.

“काही नाही, काही नाही, पाइप फुटलाय,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. येणारंजाणारं कुणी नव्हतंच, तरी सांगत होते. धाकटीला बघून म्हणाले, “आणि तुम्ही तो रेनकोट आत आणू नका, प्लीज. बाहेर काढून या.”

“काका, तळघरातली माणसं वर काढा!”

“अहो, हळू! पहिल्या मजल्यावरचे आजच घर दाखवणार आहेत कुणाला तरी.”

तिनं रेनकोट काढून त्यांच्या हातात कोंबला आणि तळघराचा जिना उतरली. जिन्याच्या दोन्ही बाजूंना दारं. प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं, हातात केरसुणी, बादली, पायपुसणं. सगळे पाणी बाहेर लोटत होते आणि पाणी शांतपणे परत आत येत होतं. कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

आप्पांचं दार ओढून उघडायला तिला भिंतीला पाय लावावा लागला. आत आप्पा खुर्चीत बसलेले, पाय समोरच्या स्टुलावर, रेडिओ कपाटावर. चपला टेबलाखाली तरंगत एकमेकींभोवती फिरत होत्या. पाणी खुर्चीच्या निम्म्या पायांपर्यंत आलं होतं.

“आलीस का? कामावरून?” आप्पा दचकले. “नळ राहिला बहुतेक. मी मगाशी बघितला, बंद होता.”

“आप्पा, उठा.”

“येईल ना बुलेटिन. पाच मिनिटांत लागेल.”

“बुलेटिन चुकतंय! मी तिथूनच येतेय ना! त्या भोकात काही दिसत नाही, कधीच दिसलं नाही, कुणीतरी तिथं शून्य भरून ठेवलं. किती वर्षं सांगतेय मी तुम्हाला!”

“दाखला आहे, पोरी. शिक्का आहे तुमच्याच कचेरीचा.” माणसानं सगळा जन्म एका गोष्टीवर विश्वास ठेवलेला असतो, त्याच गोष्टीवर बसून तो म्हातारा झालेला असतो. ती गोष्ट खालून कुणी काढून घेतली तर तो उभा कशावर राहणार? “मीटर खोटं बोलत नाही गं. माणसं बोलतात.”

धाकटीकडचं बोलणं संपलं. खरंच संपलं. तिला लाथा झाडाव्याशा वाटल्या, बापाला उचलून न्यावंसं वाटलं, पण आप्पा देहानं तिच्या दुप्पट. ती समोरच्या खुर्चीत मटकन बसली. बसल्यावर तिला कळलं की तिचे दात वाजताहेत. कोपराला रक्त होतं. केसांतून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. ती रडायला लागली, तेही लहान पोरासारखं, मोठ्यानं.

आप्पा बघत राहिले. मग त्यांनी पाय स्टुलावरून खाली, पाण्यात घेतले. पाण्यातून फताड फताड करत खुंटीपर्यंत गेले, कोरडा पंचा काढला आणि येऊन तिचं डोकं पुसायला लागले. जोरजोरात, कान दुखेपर्यंत, शाळेतून आल्यावर पुसायचे तसंच.

“किती भिजलीस,” ते पुटपुटले. “आजारी पडशील. केवढी भिजलीस गं...”

पंच्याच्या आतून धाकटी म्हणाली, “कशानं भिजले, आप्पा?”

आप्पांचा हात थांबला.

कपाटावरच्या रेडिओवर बुलेटिन लागलं. बाई गोड आवाजात सांगत होत्या, शहराच्या मध्यभागी आकाश निरभ्र, पावसाची शक्यता नाही. आप्पांनी ते पूर्ण ऐकलं. सवयच ती. मग त्यांनी हातातला पंचा बघितला. तो पिळला. पाण्याची धार पाण्यात पडली. पुन्हा पिळला, पुन्हा पडली. आप्पा त्या धारेकडे असे बघत होते, जणू एखादा आकडा वाचताहेत.

“चल,” ते म्हणाले.

दाराबाहेर एव्हाना पाणी चढलं होतं. दार हलेना. ताई चेअरमनना हाताला धरून खाली घेऊन आली होती. बाहेरून त्या दोघांनी ओढलं, आतून या दोघांनी खांदा लावला, तेव्हा कुठं माणूस निसटेल एवढी फट झाली. आप्पांनी आधी धाकटीला बाहेर ढकललं, मग स्वतः आडवे होऊन निघाले. पंचा अजून हातातच होता.

जिन्यावर आल्यावर ताई म्हणाली, “चला, आप्पा, वर,” आणि त्यांचा हात ओढला. पण आप्पा थांबले. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांत अजून ती सगळी माणसं उभी होती, केरसुण्या आणि बादल्या घेऊन, मांडीइतक्या पाण्यात. एका दारात एक आजी, तिच्या कडेवर नातू. सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. गल्लीत बुलेटिन ऐकावं तर आप्पांनी, आणि गल्लीनं विचारावं तर आप्पांना, अशी रीतच होती.

“आप्पा, काय म्हणतंय बुलेटिन?” आजीनं विचारलं.

“आकाश निरभ्र,” आप्पा म्हणाले.

“हं,” म्हणून आजीनं सुस्कारा टाकला आणि नातवाला घेऊन पुन्हा आत वळली.

“अहो, थांबा!” आप्पा ओरडले. इतक्या जोरात की धाकटी दचकली. जन्मात तिनं बापाचा असा आवाज ऐकला नव्हता. आप्पांनी तिला दंडाला धरून सगळ्यांसमोर पुढे ओढलं. “आकाश निरभ्र काय, आकाश निरभ्र! ही बघा. माझी पोरगी भिजलीय! दिसत नाही का तुम्हाला? माझी पोरगी नखशिखान्त भिजलीय!”

केरसुण्या थांबल्या. वर दाराशी पाऊस कोसळत होता, तो आता सगळ्यांना ऐकू यायला लागला. मग आजीनं नातवाला आप्पांच्या हातात दिलं, लुगडं वर खोचलं आणि पहिली पायरी चढली.